भावंडांच्या कांजिण्या : इतिहास, विज्ञान आणि शुश्रूषा

थंडी ओसरून ऊन तापू लागले की शाळेच्या हजेरीपटावर एक ठरावीक क्रम दिसू लागतो. प्रथम पाचवीतील एक मुलगी घरी राहते. ती बरी होऊन परतते न परतते तोच तिसरीतील तिचा भाऊ गैरहजर होतो, आणि पाठोपाठ बालवाडीतील धाकटे भावंड. पालकांच्या चिठ्ठीत कारण एकच असते : कांजिण्या. काही चिठ्ठ्यांत मात्र हा शब्द नसतो. तेथे ‘घरात आई आल्या आहेत’ एवढेच लिहिलेले असते. धम्मदीक्षेला सहा दशके उलटून गेल्यावरही घाटकोपर, विक्रोळी, भांडुपपासून बोरिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतून अशी चिठ्ठी यावी, हे आम्हांस विचार करण्याजोगे वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एका साध्या आजाराचा इतिहास, त्याचे शास्त्र आणि त्यातील आपले कर्तव्य यांची मांडणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

नावामागील समजूत

मराठीत ‘देवी’ हा शब्द एका भयंकर रोगाचे नाव होता. देवी, गोवर आणि कांजिण्या ही तिन्ही दुखणी अंगावर उमटणारी. म्हणून लोकमानसाने ती एकाच कुळातील मानली. अंगावर उठलेला फोड हा देवतेचा कोप किंवा तिचे आगमन, असा समज सर्वत्र पसरला. माहीमचे शीतलादेवीचे मंदिर मुंबईतील या श्रद्धेची जुनी खूण आहे. ज्या काळी रोगाचे कारण ठाऊक नव्हते आणि औषधही नव्हते, त्या काळी भयभीत आईबापांनी देवतेला शरण जावे, यात नवल नाही. त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही.

या रूढींत काही गोष्टी अजाणता हितकारकही होत्या. दारावर कडुनिंबाचा डहाळा लावला की परका माणूस सहसा आत येत नसे. रोग्यास आपोआप विलगीकरण मिळे. परंतु त्याच रूढींनी रोग्यास अंघोळ घालू दिली नाही, घरात फोडणी दिली नाही, औषधाला मज्जाव केला आणि शेजारपाजारच्या बायकांना ओटी भरण्यासाठी आत बोलावले. विशेष म्हणजे इतर भावंडांना त्याच अंथरुणावर निजू दिले. कारण ‘आईला वाटले तर ती त्यांच्याही अंगावर येईल, नाही वाटले तर नाही.’ या वाक्यात खरी अडचण आहे. जे घडते ते कोणाच्या तरी मर्जीने घडते, असे एकदा मानले की माणूस दिवस मोजणे आणि कारण शोधणे सोडून देतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ केवळ भिंतीवरील तसबिरी बदलण्यापुरता नाही. मूल तापाने फणफणले असता आपण प्रथम कोणता प्रश्न विचारतो, यातही त्या प्रतिज्ञांची परीक्षा असते.

मुंबईने पाहिलेली देवी

देवीच्या रोगावरील लस एडवर्ड जेन्नर यांनी १७९६मध्ये इंग्लंडात शोधली. ती बगदाद व बसरामार्गे मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस येथे टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस टोचलेली ही पहिली व्यक्ती होय. त्या काळी लस बाटलीत साठवता येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलास टोचावयाचा, अशी पद्धत होती. ॲनाच्या दंडावरील फोडातूनच ही लस पुढच्या मुलांकडे गेली. रोग जसा मुलाकडून मुलाकडे जात असे, तसेच रोगापासूनचे संरक्षणही तेव्हा मुलाकडून मुलाकडेच जात होते.

येथेच जातीचा अडसर उभा राहिला. ज्या मुलाच्या दंडातील द्रव घ्यावयाचा ते मूल कोणाचे, हा प्रश्न सवर्णांस रोगाहून मोठा वाटला. अनेक ठिकाणी अशी मुले गरीब आणि हीन मानलेल्या जातींतून आणली जात, आणि त्यांच्या शरीरातील द्रव स्वतःच्या मुलांस टोचून घेण्यास वरच्या जाती नकार देत. ज्या देहांचा स्पर्श अपवित्र मानला, त्याच देहांवर प्राण वाचवणारी लस जगत होती, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. पुढे वासरापासून लस तयार होऊ लागल्यावर ही पद्धत मागे पडली. १८७७च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी टोचणे सक्तीचे झाले.

स्वातंत्र्यानंतर देशव्यापी मोहीम झाली. देवीचा रोगी कळवणाऱ्यास १,००० रुपयांचे बक्षीस, अशी जाहिरात आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी गावोगावच्या भिंतींवर वाचली असेल. भारतातील अखेरची नोंद मे १९७५मधील आहे, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जिला हजारो वर्षे देवता मानले, ती लसीने आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांच्या पायपिटीने नाहीशी झाली. देवीचा रोग गेला. त्याचे नाव आणि भय मात्र कांजिण्यांच्या वाट्यास आले.

कांजिण्या म्हणजे काय?

कांजिण्या हा देवीचा सौम्य प्रकार नव्हे. तो स्वतंत्र रोग आहे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७मध्येच हे स्पष्ट केले होते. देवीचे फोड चेहरा व हातापायांवर अधिक आणि एका भागातील सर्व फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड छाती, पोट व पाठीवर अधिक येतात आणि तीन ते पाच दिवस नवनवे उठत राहतात. त्यामुळे एकाच वेळी कोठे लाल पुरळ, कोठे पाणीदार पुटकुळी, तर कोठे खपली दिसते. गोवरात पाणीदार फोड नसतात. तेथे ताप, खोकला, लाल डोळे आणि सपाट पुरळ असते. २०२२च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरून बालकांचे बळी गेले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पुरळ कोणतेही असो, ते प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

कांजिण्यांचे कारण एक विषाणू आहे. रोग्याच्या श्वासातून, खोकल्यातून आणि फोडांतील पाण्यातून तो दुसऱ्याकडे जातो. खपल्यांतून तो पसरत नाही. या विषाणूची एक विलक्षण गोष्ट अशी की, रोग बरा झाल्यावरही तो शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त पडून राहतो. पुढे वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर तोच जागा होऊन एका बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यात फोड आणतो. त्यास आपण नागीण म्हणतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, ही भीती आजही वस्त्यांत ऐकू येते. वस्तुतः मज्जातंतू शरीराच्या त्या त्या बाजूपुरता असल्याने फोडही सहसा मध्यरेषा ओलांडत नाहीत. आणि क्वचित ओलांडले तरी त्या वेढ्यामुळे मृत्यू येत नाही. बुडापेस्ट येथील डॉ. बोके यांनी १८९२मध्ये या दोन आजारांतील नाते सुचवले होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आजीला नागीण झाली असेल तर तिच्या फोडांच्या स्पर्शाने नातवास कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकलेले ठेवावेत. आजीस दूर लोटण्याचे मात्र कारण नाही.

दिवसांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका भावंडास कांजिण्या झाल्यावर दुसऱ्यास त्या केव्हा आणि कितपत होतात?

इंग्लंडातील सायरन्सेस्टर येथे एडगर होप-सिम्पसन नावाचे एक साधे कुटुंबवैद्य होते. त्यांनी आपल्या परिसरातील घरांची चिकाटीने नोंद ठेवली आणि १९५२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरात कांजिण्यांचा शिरकाव झाल्यावर, ज्या मुलांना त्या पूर्वी झाल्या नव्हत्या त्यांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना त्या झाल्या. पुढील अभ्यासांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आढळले. घरातील संसर्गाचा वेग त्यावरून कळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरात तीन भावंडे आहेत आणि कोणासही लस दिलेली नाही. थोरल्या मुलीच्या अंगावर १ फेब्रुवारीस पहिली पुटकुळी दिसली. तिच्यापासून संसर्ग होण्यास मात्र एक-दोन दिवस आधीच, म्हणजे ३० किंवा ३१ जानेवारीपासून प्रारंभ झालेला असतो. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते ८ फेब्रुवारीपर्यंत, तो चालू राहतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून फोड उठेपर्यंत १० ते २१ दिवस, बहुधा १४ ते १६ दिवस जातात. म्हणून धाकट्या दोघांच्या अंगावर पुरळ येण्याचा संभव सुमारे १० फेब्रुवारीपासून महिनाअखेरपर्यंत राहतो. त्यातही १३ ते १८ फेब्रुवारी हे दिवस विशेष सावधगिरीचे. दोघांपैकी एकजण पहिल्या फेरीत वाचला, तर दुसऱ्याकडून त्याला लागण होऊन मार्चच्या प्रारंभी तिसरी फेरी येते. अशा रीतीने एका घरातील कांजिण्या पाच-सहा आठवडे चालतात. त्या काळात रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांची मजुरी बुडते आणि मुलांची परीक्षा हुकते.

या हिशेबातून चार गोष्टी निघतात.

पहिली : पुरळ दिसण्यापूर्वीच संसर्ग झालेला असल्याने मुलाला वेगळे ठेवले तरी भावंडे वाचतीलच, असे नाही. तरीही वेगळे निजवावे; कारण दुसऱ्या क्रमाने आजारी पडणाऱ्या भावंडास फोड बहुधा अधिक येतात व त्रासही अधिक होतो. सतत निकट राहिल्याने त्याच्या शरीरात विषाणू मोठ्या प्रमाणात जातो, हे त्याचे एक कारण मानले जाते. ‘सगळ्यांना एकदाच होऊन जाऊ दे’ असे म्हणून मुलांना मुद्दाम एकत्र ठेवणे म्हणूनच घातक आहे.

दुसरी : पहिल्या मुलाशी संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांच्या आत, निरोगी भावंडास लस दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आजारी मुलाबरोबर निरोगी भावंडांचीही चौकशी करावी.

तिसरी : थंड देशांत हा आजार बहुतेकांना बालपणीच होतो, उष्ण प्रदेशांत अनेकजण तो न होताच मोठे होतात. मराठवाड्यातून किंवा कोकणातून मुंबईस आलेल्या आईबापांना तो झाला असेलच, असे धरून चालू नये. प्रौढांत न्यूमोनियाचा धोका अधिक असतो.

चौथी : गरोदर स्त्री, नवजात बालक आणि कर्करोग किंवा तत्सम उपचार घेणारी व्यक्ती घरात असेल तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांस कळवावे. बाळंतपणापूर्वी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात मातेस कांजिण्या उठल्या तर बालकाच्या जिवास धोका संभवतो.

खोलीचा प्रश्न

‘मुलास वेगळ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला पुस्तकात सोपा वाटतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे वेगळी खोली कोठून आणावयाची? हा प्रश्न नवा नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गर्दीची, अंधारी घरे रोग वाढवतात, हे सरकारला मान्य करावे लागले आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्याच ट्रस्टच्या परळ येथील चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई यांनी संसार केला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. ती मुले कांजिण्यांनी गेली असे नव्हे. परंतु अपुरे घर, अपुरे अन्न आणि वेळेवर न मिळणारा उपचार यांची किंमत मुले मोजतात, हे त्या मातापित्यांहून अधिक कोणी जाणले असेल?

म्हणून लहान घरातही जे शक्य आहे ते करावे. आजारी मुलाचे अंथरूण खिडकीजवळ असावे, खिडकी उघडी ठेवावी. भावंडांचे अंथरूण दुसऱ्या भिंतीशी घालावे. टॉवेल व पांघरूण वेगळे ठेवावे. ज्याला कांजिण्या होऊन गेल्या आहेत त्यानेच शुश्रूषा करावी. गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असल्यास त्यांना काही दिवस नातेवाइकांकडे हलवण्याबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण संसर्ग आधीच झाला असेल तर तो त्यांच्याबरोबर दुसऱ्या घरात जाऊ शकतो.

एका पित्याने शोधलेली लस

१९६४मध्ये जपानी वैद्यक-संशोधक मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलास कांजिण्यांनी गंभीर आजार झाला. मूल बरे झाले. परंतु इतर मुलांवर ही वेळ येऊ नये, या विचाराने ते कामास लागले. ओसाका येथे त्यांनी एका आजारी मुलाच्या फोडातील विषाणू वेगळा करून तो दुर्बल केला आणि १९७४मध्ये लस सिद्ध केली. अमेरिकेत ही लस १९९५मध्ये आली. त्यापूर्वी तेथे दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत आणि १०० ते १५० जण दगावत. कांजिण्या ‘किरकोळ’ आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. बहुतेक मुले त्यांतून सुखरूप बरी होतात, हे खरे; परंतु सर्वच होत नाहीत.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना या लसीच्या दोन मात्रा सुचवते. पहिली १५ ते १८ महिन्यांच्या वयात. मोठ्या मुलांनाही ती देता येते. देशाच्या मोफत लसीकरण कार्यक्रमात मात्र तिचा समावेश झालेला नाही. परिणामी ज्यांची घरे मोठी आणि मुले थोडी, त्यांनाच ती परवडते. आणि जेथे एका खोलीत चार मुले निजतात, तेथे ती पोहोचत नाही. या विषमतेविरुद्ध मागणी करणे हे सामाजिक कार्यकर्त्यांचे काम आहे. तोवर माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील विहारात एखादे लसीकरण शिबिर योजले, तर जयंतीच्या खर्चातील तो सर्वांत सार्थ भाग ठरेल.

शुश्रूषेचा धम्म

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मळमूत्रात पडून होता. सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्यास उचलून मंचकावर निजवले. नंतर भिक्खूंना एकत्र करून तथागतांनी समजावले की, तुमची काळजी घ्यावयास येथे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. कांजिण्यांच्या घरात ते कसे आचरावेत, ते पाहू.

औषध तयार करण्याची व देण्याची क्षमता हा पहिला गुण. तापावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना कदापि देऊ नये. त्याने मेंदू व यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे. विषाणूवरील औषध द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. ते पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत सुरू करणे उपयुक्त असल्याने विलंब करू नये.

पथ्य काय आणि अपथ्य काय, याची जाण हा दुसरा. रोज कोमट पाण्याने हलकेच अंघोळ घालावी, अंग टिपून घ्यावे, नखे कापावीत, सुती कपडे घालावेत. खाज शमवण्यास कॅलामाइन लावावे. तोंडात फोड असल्यास मऊ भात, वरण, पेज, ताक द्यावे. नेहमीचे अन्न बंद करू नये. ताप चार दिवसांहून अधिक राहणे, धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी किंवा बरळणे, चालताना तोल जाणे, फोडांभोवती लाल व गरम सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरा गुण लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे; चौथा मळ, लाळ, वांती यांची किळस न बाळगणे. १८९७च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेवला. हे दोन्ही गुण त्यांच्या ठायी पूर्णत्वाने होते.

पाचवा गुण आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवणे. फोडांनी भरलेला चेहरा आरशात पाहून मूल हिरमुसते. भावंडे दुरून ‘लांब राहा’ असे ओरडली की ते अधिकच एकटे पडते. विलगीकरण आणि बहिष्कार यांतील भेद आपल्या समाजास वेगळा समजावून देण्याची गरज नसावी. अंतर राखावे, परंतु बोलणे, गोष्ट सांगणे, दारातून हसणे थांबवू नये. विलगीकरणाला मुदत असते, आणि शेवटची खपली धरली की ते मूल पूर्वीसारखेच सर्वांत मिसळले पाहिजे.

निवासी शाळेसाठी

वसतिगृह हेही एक मोठे घर आहे आणि तेथील मुले परस्परांची भावंडेच आहेत. सुट्टीवरून परतताना घरात कांजिण्या झाल्या असतील, तर पालकांनी ते न लपवता कळवावे. अशा मुलावर शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस लक्ष ठेवावे लागते. आजारी मुलाने सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत वर्गात येऊ नये. गैरहजेरीची भीती घालून मुलास लवकर परत पाठवल्याने एका घरातील आजार साऱ्या वसतिगृहाचा होतो. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलास कांजिण्या होऊन गेल्या आहेत काय आणि लस दिली आहे काय, याची नोंद पालकांनी आवर्जून करावी.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या कुटुंबात कोणाकोणास कांजिण्या होऊन गेल्या? वडीलधाऱ्यांना विचारून वहीत नोंद करा.
२. आजारपणात आपल्या घरी पाळल्या जाणाऱ्या रूढींपैकी कोणत्या उपयुक्त, कोणत्या निरुपद्रवी आणि कोणत्या घातक आहेत?
३. आज घरातील एका मुलास पुरळ दिसले, तर भावंडांसाठी कोणत्या तारखा कॅलेंडरवर लिहाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी स्वतः मोजून देईल, त्या घरातून येणाऱ्या पुढच्या चिठ्ठीत आजाराचे खरे नाव, पुरळ दिसल्याची तारीख आणि धाकट्या भावंडांची काळजी, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.

नमो बुद्धाय! जय भीम!